न दिसणारा प्रकाश टिपणारी शाई

अवरक्त किरण 'पाहणारे' कॅमेरे आजवर लष्कर, उपग्रह आणि मोजक्या उद्योगांपुरते मर्यादित राहिले, ते प्रामुख्याने त्यांच्या किमतीमुळे. नॅनोस्फटिकांचे द्रावण सिलिकॉनच्या चिपवर शाईसारखे पसरून हेच काम स्वस्तात साधण्याचा प्रयत्न गेली दोन दशके सुरू आहे. हे संकरित पदार्थ कसे काम करतात आणि त्यांच्यापुढे कोणते अडथळे आहेत, याचा हा आढावा.

टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबले की त्याच्या टोकाशी असलेला छोटा दिवा लागतो. पण तो आपल्याला दिसत नाही. हाच रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले, तर अनेक फोनच्या पडद्यावर जांभळट पांढरा ठिपका चमकताना दिसतो. रिमोटमधून बाहेर पडणाऱ्या किरणांची तरंगलांबी साधारणपणे ९४० नॅनोमीटर असते. (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग.) मानवी डोळा सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश ओळखू शकतो. कॅमेऱ्यातील सिलिकॉनची चिप त्याच्या पुढे, सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंत जाते. तेथे मात्र सिलिकॉनचीही दृष्टी संपते. त्यापलीकडचे किरण काचेतून जावेत तसे सिलिकॉनमधून आरपार निघून जातात.

नेमकी या सीमेपलीकडेच उपयोगाची पुष्कळ माहिती दडलेली आहे. पाणी १४५० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेते. त्यामुळे या प्रकाशात काढलेल्या छायाचित्रात ओलसर भाग काळपट उमटतो. फळाला लागलेला मार, धान्यातील ओल, गोळ्यांच्या पाकिटातील दमटपणा अशा गोष्टी वरवर दिसत नसल्या, तरी येथे उघड्या पडतात. कोकणातील बागायतदारांना हापूसमधील 'साका' चांगलाच परिचित आहे. आंबा वरून निर्दोष दिसतो आणि कापल्यावर आतला गर पांढरट, स्पंजासारखा निघतो. फळ न कापता हा दोष ओळखण्यासाठी क्ष-किरण आणि अवरक्त प्रकाश या दोन्हींचे प्रयोग झाले आहेत. धुरकट हवेतून दूरचे दृश्य टिपण्यासाठीही हे किरण दृश्य प्रकाशापेक्षा सरस ठरतात. शिवाय १४०० नॅनोमीटरपुढचे किरण डोळ्याच्या पुढील भागातील पाण्यातच शोषले जातात, दृष्टिपटलापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून मोटारीवर बसवलेल्या लेझरने रस्त्याचा वेध घ्यायचा असेल, तर या पट्ट्यात अधिक शक्तीचा झोत तुलनेने सुरक्षितपणे वापरता येतो.

एवढे फायदे असताना असे कॅमेरे सर्रास का दिसत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो.

स्फटिकांचा खर्चिक संसार

अवरक्त किरणांचा शोध जुना आहे. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लोलकातून पडलेल्या सप्तरंगांच्या पट्ट्यात तापमापक ठेवले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. किरण सापडले, पण त्यांचे चित्र टिपण्यासाठी योग्य अर्धवाहक मिळायला दीड शतक जावे लागले. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांच्या मिश्र स्फटिकाची माहिती प्रसिद्ध केली. या तीन घटकांचे प्रमाण बदलून अवरक्ताचा हवा तो पट्टा निवडता येतो. आजही लष्करी दुर्बिणी आणि अवकाश दुर्बिणी यांच्यात या पदार्थाचे स्थान वरचे आहे. ११०० ते १७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यासाठी इंडियम गॅलियम आर्सेनाइड वापरले जाते.

अडचण ही, की हे स्फटिक सिलिकॉनवर सहजासहजी वाढत नाहीत. दोन्हींच्या अणूंची रचना एकमेकांशी जुळत नाही. जबरदस्तीने वाढवल्यास स्फटिकात असंख्य दोष राहतात. त्यामुळे इंडियम गॅलियम आर्सेनाइड हे इंडियम फॉस्फाइडच्या महागड्या चकतीवर, निर्वात किंवा अत्यंत नियंत्रित वातावरणात, थरावर थर देत वाढवावे लागते. विद्युतसंकेत मोजणारी चिप मात्र सिलिकॉनचीच असते. मग हे दोन तुकडे समोरासमोर आणून, प्रत्येक पिक्सेलसाठी इंडियम धातूचा एक सूक्ष्म गोळा ठेवून, एकमेकांना जोडण्याचा उद्योग करावा लागतो. लाखो पिक्सेलपैकी थोडे जोड फसले, तरी चित्रावर डाग येतात. मोबाइलचा कॅमेरा काही शे रुपयांत तयार होतो आणि अवरक्त कॅमेऱ्याची किंमत लाखांत जाते, याचे मुख्य कारण ही जुळवाजुळव आहे.

तरंगलांबी वाढत गेली की आणखी एक संकट उभे राहते. कमी ऊर्जेचे किरण पकडायचे, तर अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन थोडक्या ऊर्जेनेही सुटला पाहिजे. पण मग तो खोलीतल्या साध्या उष्णतेनेही सुटू लागतो आणि प्रकाश नसतानाच संकेत मिळू लागतो. म्हणून लांब तरंगलांबीचे अनेक संवेदक द्रवरूप नायट्रोजनच्या, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या आसपास थंड ठेवावे लागतात. शीतकरणाची ही यंत्रणा किंमत, वजन आणि विजेचा खर्च, तिन्ही वाढवते.

सुरम्यातील खनिज

या कोंडीतून बाहेर पडण्यासाठी शास्त्रज्ञ ज्या पदार्थाकडे वळले, तो नवा नाही. गॅलिना हे शिशाचे सर्वांत परिचित खनिज. रसायनशास्त्राच्या भाषेत ते लेड सल्फाइड, म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. डोळ्यांत घातल्या जाणाऱ्या सुरम्यात अनेकदा याच खनिजाची पूड असते आणि त्यातील शिशामुळेच तो वापरू नये, असे डॉक्टर सांगतात.

या खनिजाचा विद्युतशास्त्राशी संबंध जोडणाऱ्यांत एका भारतीयाचे नाव आघाडीवर आहे. जगदीशचंद्र बोस यांनी विद्युतचुंबकीय लहरी ओळखण्यासाठी गॅलिनाचा स्फटिक वापरला आणि १९०४ मध्ये त्यांना अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. आपले उपकरण प्रकाशलहरींनाही प्रतिसाद देते, याची नोंद त्यांनी केली होती. पुढे १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठात एडगर कुत्शर यांना आढळले, की लेड सल्फाइडची विद्युतवाहकता सुमारे ३००० नॅनोमीटरपर्यंतच्या अवरक्त प्रकाशातही बदलते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीने या गुणावर आधारित संवेदक विकसित केले.

आता हाच पदार्थ पुन्हा चर्चेत आला आहे तो त्याच्या आकारामुळे.

आकार बदला, तरंगलांबी बदला

सतारीची तार आखूड केली की सूर चढतो. अत्यंत सूक्ष्म स्फटिकात इलेक्ट्रॉनचे असेच काहीसे होते. प्रकाशकण पडला की अर्धवाहकात एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्या जागी धनभारासारखी वागणारी एक 'पोकळी' मागे राहते. लेड सल्फाइडमध्ये या जोडीला मोकळेपणाने वावरण्यासाठी सुमारे १८ नॅनोमीटर त्रिज्येचा परिसर लागतो. स्फटिकच जर ३ ते ६ नॅनोमीटर व्यासाचा केला, तर ही जोडी कोंडली जाते आणि तिला निर्माण करण्यासाठी अधिक ऊर्जा द्यावी लागते. परिणामी ३ नॅनोमीटरचा स्फटिक ९०० नॅनोमीटरच्या जरा पुढच्या किरणांपर्यंत प्रतिसाद देतो, तर ६ नॅनोमीटरचा स्फटिक १५५० नॅनोमीटरच्या आसपास. पदार्थ तोच, बदलला तो फक्त आकार. अशा स्फटिकांना 'क्वांटम डॉट' म्हणतात. त्यांचा शोध आणि निर्मिती यासाठी अलेक्सी एकिमोव्ह, लुई ब्रुस आणि मौंगी बावेंडी यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे डॉट तयार करण्यासाठी निर्वात कक्षाची गरज नसते. तापवलेल्या द्रवात शिशाचे संयुग ठेवून त्यात गंधकाचे संयुग झटकन टोचले की असंख्य स्फटिक एकाच वेळी जन्म घेतात. त्यांची वाढ थांबावी आणि ते एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होऊ नये, म्हणून प्रत्येकाभोवती सेंद्रिय रेणूंचे आवरण असते. टोरोंटो विद्यापीठात २००३ मध्ये विकसित झालेल्या पद्धतीत त्यासाठी ओलेइक आम्ल वापरले गेले. ऑलिव्ह तेलात आणि आपल्या शेंगदाणा तेलातही मुबलक असणारे हेच ते मेदाम्ल. आत शिशाचा अकार्बनी स्फटिक आणि बाहेर सेंद्रिय रेणूंचे कवच, हा संकराचा पहिला प्रकार. अशा डॉटचे द्रावण तयार झाले की ते शाईसारखे कोणत्याही पृष्ठभागावर, अगदी तयार सिलिकॉन चिपवरही, पसरता येते. अणूंची रचना जुळवण्याचा आणि इंडियमचे लाखो जोड देण्याचा प्रश्नच उरत नाही.

पकडणारा एक, वाहून नेणारा दुसरा

प्रत्यक्षात मात्र पहिल्या प्रयत्नांत या शाईने निराशा केली. डॉट प्रकाश उत्तम शोषत होते. पण सुटलेला इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोहोचत नव्हता. ओढ्यातील दगडांवरून उड्या मारत पलीकडे जावे, तसा इलेक्ट्रॉन एका डॉटवरून दुसऱ्यावर जातो. दगडांमधील अंतर थोडे वाढले तरी उडी अवघड होते. येथे तर अंतर वाढले की उडीची शक्यता घातांकाच्या वेगाने घटते. ओलेइक आम्लाची १८ कार्बन अणूंची साखळी, जी शाई टिकवण्यासाठी आवश्यक होती, तीच इलेक्ट्रॉनच्या वाटेतील भिंत ठरली.

या संशोधनातील खरा पेच येथे आहे. प्रकाश पकडणे आणि विद्युतभार वाहून नेणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि एकच पदार्थ दोन्हींत निपुण असेलच असे नाही. संकरित पदार्थांची कल्पना या श्रमविभागणीतून पुढे आली.

टोरोंटो विद्यापीठातील टेड सार्जंट यांच्या गटाने २००५ मध्ये लेड सल्फाइडचे डॉट एका वीजवाहक पॉलिमरमध्ये मिसळले. डॉटने अवरक्त किरण शोषायचे आणि पॉलिमरने पोकळीचे वहन करायचे, अशी ही वाटणी होती. पॉलिमरला स्वतःला अवरक्त दिसत नाही. डॉटचा आकार बदलून मिश्रणाची संवेदनशीलता मात्र हव्या त्या तरंगलांबीवर नेता आली. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, याच गटाने दुसरा मार्ग दाखवला. थर देण्यापूर्वी १८ कार्बनची साखळी काढून तेथे ४ कार्बनचे ब्युटिलअमाइन बसवले. डॉट जवळ आले, विजेला वाट मिळाली आणि द्रावणातून बनवलेला हा संवेदक १३०० नॅनोमीटरच्या प्रकाशात, खोलीच्या तापमानालाच, त्या काळच्या स्फटिकी संवेदकांच्या तोडीस तोड ठरला. शिकागो विद्यापीठातील दिमित्री तालापिन यांच्या गटाने २००९ मध्ये सेंद्रिय कवचाऐवजी धातूंची अकार्बनी संयुगेच कवच म्हणून वापरता येतात, हे दाखवून दिले.

ग्राफीनची जोड

या श्रमविभागणीचे सर्वांत लक्षवेधी उदाहरण स्पेनमध्ये घडले. बार्सिलोनाजवळील आयसीएफओ या प्रकाशविज्ञान संस्थेतील गेरासिमोस कोन्स्टान्टाटोस आणि फ्रँक कोपेन्स यांच्या गटांनी २०१२ मध्ये ग्राफीनच्या पत्र्यावर लेड सल्फाइड डॉटचा थर दिला. ग्राफीन हा कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा. त्यातून इलेक्ट्रॉन अतिशय वेगाने धावतात. पण तो इतका पातळ असतो, की पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम २.३ टक्के शोषतो. डॉटचे गुण नेमके उलट. दोघांना एकत्र आणल्यावर उणिवा भरून निघाल्या.

त्याचे कार्य असे चालते. डॉटवर प्रकाशकण पडला की पोकळी ग्राफीनमध्ये उतरते आणि इलेक्ट्रॉन डॉटमध्येच अडकून राहतो. जोपर्यंत तो तेथे आहे, तोपर्यंत त्याच्या ऋणभाराच्या प्रभावामुळे खालच्या ग्राफीनमधील प्रवाह बदललेला राहतो. एक माणूस दार उघडे धरून उभा राहिला, तर त्यातून शेकडो जण ये-जा करू शकतात, तसे हे आहे. एका प्रकाशकणामागे सुमारे दहा कोटी इलेक्ट्रॉनइतकी वाढ या उपकरणात मोजली गेली. २०१७ मध्ये याच संस्थेने हे मिश्रण सिलिकॉनच्या चिपवर चढवून ३८८ गुणिले २८८ पिक्सेलचा कॅमेरा तयार केला. तो जंबुपार किरणांपासून २००० नॅनोमीटरच्या अवरक्तापर्यंत चित्रे टिपू शकत होता.

मात्र फुकट काहीच मिळत नाही. इलेक्ट्रॉन जितका जास्त वेळ अडकून राहील तितकी संकेताची वाढ मोठी. पण तितकाच संवेदक सुस्त. अंधूक स्थिर दृश्यासाठी हे चालते. मोटारीच्या लेझरचा परतलेला झोत मोजायचा असेल, तर नॅनोसेकंदांचा हिशेब ठेवावा लागतो आणि तेथे अशी वाढ उपयोगाची नाही. म्हणून अनेक कंपन्यांनी वाढीचा मोह सोडून, डॉटच्या थरांचा साधा आणि चपळ फोटोडायोड बनवण्याचा मार्ग धरला.

विषाचा प्रश्न

तंत्राच्या पातळीवर अजून दोन गोष्टी त्रास देतात. पहिली म्हणजे टिकाऊपणा. डॉट इतके लहान असतात, की त्यांच्या अणूंचा मोठा वाटा पृष्ठभागावरच असतो. हवेतील ऑक्सिजन त्यांच्यावर सहज हल्ला करतो आणि संवेदकाचे गुण हळूहळू बदलतात. त्यासाठी आवरणाची रसायने आणि चिपचे हवाबंद वेष्टन यांवर बरेच काम करावे लागते. दुसरी म्हणजे एकसारखेपणा. आकार हाच गुण ठरवत असल्यामुळे डॉट लहानमोठे निघाले, तर संवेदकाची धार बोथट होते.

त्याहून गंभीर प्रश्न आहे तो पदार्थाच्या निवडीचा. अवरक्तासाठी सर्वांत समजलेले डॉट शिशाचे आहेत. आणखी लांबच्या, ३००० ते ५००० नॅनोमीटरच्या पट्ट्यासाठी शिकागो विद्यापीठातील फिलिप गुयो-सिओनेस्ट यांच्या गटाने २०११ मध्ये यशस्वी केलेले डॉट पारा आणि टेल्युरियमचे आहेत. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक, तर पाऱ्याचे विषारीपण सर्वश्रुत. युरोपीय संघाने जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतील प्रत्येक एकजिनसी पदार्थात शिसे आणि पारा यांना वजनाच्या ०.१ टक्के आणि कॅडमियमला ०.०१ टक्के अशी मर्यादा घातली. भारताच्या ई-कचरा नियमांतही अशाच मर्यादा आहेत. एका चिपवरील डॉटचा थर मायक्रोमीटरहूनही पातळ असतो हे खरे; पण स्वस्त झालेली वस्तू कोट्यवधींच्या संख्येने विकली जाते आणि शेवटी भंगारात येते. आपल्या शहरांत उपकरणे हातांनी फोडून, जाळून धातू काढले जातात, हे लक्षात घेतले तर हा मुद्दा कागदोपत्री राहत नाही. स्वस्ताई हा या तंत्राचा सर्वांत मोठा गुण आणि त्यामुळेच हा धोका त्याच्या पाठोपाठ येतो.

त्यामुळे संशोधनाचा ओघ आता शिसेविरहित डॉटकडे वळला आहे. आयसीएफओने २०२४ मध्ये सिल्व्हर टेल्युराइडच्या डॉटपासून बनवलेला संवेदक आणि चित्रसंवेदक सादर केला. बेल्जियममधील आयमेक ही संस्था आणि इतर काही गट इंडियम आर्सेनाइडच्या डॉटवर काम करत आहेत. आर्सेनिक हे नावही निर्धास्त करणारे नाही. पण शिसे आणि पारा यांवरील बंधनांतून ते सुटते. गुणवत्तेत मात्र या पदार्थांना लेड सल्फाइडची बरोबरी साधण्यासाठी अजून बरीच मजल मारायची आहे.

बाजारात काय?

हे तंत्र प्रयोगशाळेतच अडकून पडले आहे, असे नाही. सार्जंट यांनी २००६ मध्ये स्थापन केलेली इनव्हिसेज ही कंपनी २०१७ मध्ये अॅपलने विकत घेतली. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामधील स्विर व्हिजन सिस्टिम्सने २०१८ मध्ये लेड सल्फाइड डॉटवर चालणारे कॅमेरे उद्योगांसाठी बाजारात आणले. ही कंपनी २०२४ मध्ये ऑनसेमी या चिपनिर्मात्याकडे गेली. युरोपातील एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सने २०२१ मध्ये अवघ्या १.६२ मायक्रोमीटरचे पिक्सेल असलेला डॉटचा चित्रसंवेदक सादर केला. इतका लहान पिक्सेल म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या पंक्तीत बसण्याची तयारी.

अर्थात जुने प्रतिस्पर्धीही स्वस्थ बसलेले नाहीत. सोनीने २०२० मध्ये इंडियम गॅलियम आर्सेनाइड आणि सिलिकॉन यांना इंडियमच्या गोळ्यांऐवजी तांब्याच्या थेट जोडाने सांधून ५ मायक्रोमीटरचा पिक्सेल गाठला. म्हणजे ज्या जुळवाजुळवीच्या खर्चावर मात करण्यासाठी शाईचा मार्ग निघाला, तो खर्च कमी करण्याचे प्रयत्न दुसऱ्या बाजूनेही सुरू आहेत.

भारतासाठी या विषयाला वेगळे महत्त्व आहे. अवरक्त संवेदक हे संरक्षणाशी निगडित तंत्र असल्यामुळे त्यांच्या निर्यातीवर अनेक देशांचे निर्बंध असतात. म्हणूनच संरक्षण संशोधन संस्थेच्या दिल्लीतील सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीने पारा, कॅडमियम आणि टेल्युरियमच्या स्फटिकांवर दीर्घकाळ काम केले आहे. मुंबईच्या आयआयटीत निर्वात कक्षात वाढवलेल्या क्वांटम डॉटच्या अवरक्त संवेदकांवर, तर पुण्याच्या आयसरमध्ये द्रावणातून बनवलेल्या अर्धवाहक नॅनोस्फटिकांवर संशोधन झाले आहे. स्फटिक वाढवण्याचे कारखाने उभारण्यासाठी प्रचंड भांडवल लागते. द्रावणातून डॉट बनवण्यासाठी मुख्यतः रसायनशास्त्राचे कौशल्य लागते आणि ते आपल्या विद्यापीठांत आणि रासायनिक उद्योगांत आहे. या क्षेत्रात उशिरा उतरणाऱ्या देशालाही येथे जागा मिळू शकते, ती यामुळे.

एक सावधगिरी येथे सांगायला हवी. आज पुढे आलेले शाईचे संवेदक मुख्यतः २००० नॅनोमीटरच्या आतले आहेत. मानवी शरीरातून निघणारी उष्णता १०,००० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. त्यामुळे भिंतीआडची किंवा काळोखातली माणसे दाखवणारा जादूचा चष्मा उद्या मोबाइलमध्ये येईल, अशा वर्णनांवर विश्वास ठेवू नये. येण्याची शक्यता आहे ती अधिक साध्या गोष्टींची: उन्हातही चुकारपणा न करता चेहरा ओळखणारा फोन, आंब्याची पेटी न उघडता फळ पारखणारे यंत्र, धुरकट रस्त्यावर लांबचे पाहणारी मोटार. त्या किती लवकर येतील, हे पिक्सेलच्या संख्येपेक्षा डॉटच्या भोवतीचे काही अणूंच्या जाडीचे कवच किती टिकते आणि आतला स्फटिक शिशाशिवाय किती चांगला बनतो, यावर ठरणार आहे.